कोमेवाइनेच्या काठी

प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नव्हता. ज्या प्रदेशात मी अवघे आठ दिवस राहिलो, आणि तेही एका शेतकऱ्याच्या पडवीत, त्याविषयी अधिकाराने काही लिहावे असा माझा वकूब नाही. परंतु त्या आठ दिवसांत माझ्या घरच्याच एका प्रश्नाचा मी मनाशी लावून टाकलेला निकाल मोडला, म्हणून हे चार शब्द.

माझी मुलगी हॉलंडात हेग शहरी राहते. तिच्याकडे तीन महिने काढण्यासाठी मी गेलो होतो. तिच्या शेजारी एक हिंदुस्थानी वळणाची, पण जन्माने सुरिनामची अशी गृहिणी राहते. तिची मुले आपल्या आजीला 'आजी' म्हणूनच हाक मारतात, हे मी पहिल्या दिवशी ऐकले आणि चमकलो. मला वाटले, माझ्या मुलीकडून त्यांनी हा शब्द उचलला असावा. चौकशी करता कळले की तसे काही नाही. दीडशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज अयोध्या, बस्ती, आरा या बाजूंकडून जहाजात चढले, तेव्हा 'आजा' आणि 'आजी' हे दोन शब्द त्यांनी बरोबर नेले होते. भोजपुरी मुलखातले आणि आपले हे शब्द एकच आहेत. या एका शब्दावरून ओळख वाढली आणि त्या बाईंनी एके दिवशी सहज म्हटले, "माझे वडील अजून तिकडे एकटे शेती करतात. त्यांचा नवा चष्मा तयार होऊन पडला आहे. तुम्हाला हिंडण्याची हौस आहे, तर तुम्हीच का नेऊन देत नाही?"

चष्मा पोचविण्यासाठी कोणी महासागर ओलांडीत नाही, हे मलाही कळते. पण त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावाचे पत्र आले होते, आणि त्याला उत्तर देणे मी टाळीत होतो. अलिबाग तालुक्यात खाडीच्या काठाला आमच्या घराण्याची थोडी खारजमीन उरली आहे. वीसएक वर्षांपूर्वी तिच्या बांधाला खांड पडली. कोणी ती बुजविली नाही. भरतीचे पाणी आत येऊ लागले आणि जिथे भात होत असे तिथे आता तिवरे उभी आहेत. या जमिनीला गिऱ्हाईक आले होते. सर्व हिस्सेदारांच्या सह्या झाल्या होत्या. माझी एकच उरली होती. सही करावयाची, हे माझे ठरलेलेच होते. तरीही ते पत्र मी कोटाच्या खिशात घालून ठेवले, आणि चष्म्याचे निमित्त करून निघालो.

आम्स्टरडॅमहून विमानाने नऊ तास लागतात. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सहा अंशांवर हा सुरिनाम देश आहे. लोकसंख्या सहा लाखांच्या घरात. आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. देशाचा बहुतेक भाग घनदाट अरण्याचा, आणि माणसे राहतात ती समुद्रालगतच्या सपाट, चिकणमातीच्या पट्ट्यात. ही मातीही मुळात तिथली नव्हे. अॅमेझॉन नदी समुद्रात जो अपरिमित गाळ ओतते, तो प्रवाहाबरोबर किनाऱ्या-किनाऱ्याने पश्चिमेस सरकत जातो आणि इथे येऊन बसतो. कधी किनारा पुढे येतो, कधी समुद्र तो खाऊन टाकतो. जमीन स्थावर असते, या कायद्याच्या समजुतीला तिथे फारसा आधार सापडत नाही.

राजधानी पारामारिबो सुरिनाम नदीच्या काठी आहे. २००० सालापासून नदीवर मोठा उंच पूल आहे. त्यावरून मोटारीने पलीकडच्या कोमेवाइने प्रांतात जाता येते. पण मला नावेने जावयाचे होते. शहराच्या उत्तरेस लेऑन्सबर्ग नावाचा धक्का आहे. तिथून वर आच्छादन घातलेल्या लांबट लाकडी होड्या सुटतात. आमच्या होडीत मी, भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोन जावानीज बायका, आणि एक सायकल, एवढेच उतारू होतो.

थोडे अंतर गेल्यावर दोन नद्यांचा संगम लागतो. सुरिनाम दक्षिणेकडून येते, कोमेवाइने पूर्वेकडून. दोन्ही मिळून लगेच समुद्राला मिळतात. पाण्याचा रंग आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्याला येतो तसा, आणि तो बारा महिने तसाच. होडीवाल्याने एंजिन मंद केले. पाण्यातून चार-पाच करड्या पाठी वर आल्या आणि गेल्या. डॉल्फिन! गढूळ पाण्यात, शहराच्या इतक्या जवळ हे प्राणी सुखाने नांदतात, याचे मला नवल वाटले. त्या दोन बायकांनी मात्र मान वर करूनही पाहिले नाही.

संगमाच्या टोकावर पंचकोनी किल्ला आहे. १७३४ ते १७४७ या काळात तो डचांनी बांधला. त्याचे नाव निऊ आम्स्टरडॅम, म्हणजे नवे आम्स्टरडॅम. हेच नाव पूर्वी आजच्या न्यूयॉर्कचे होते. १६६७ सालच्या ब्रेडाच्या तहाने सुरिनाम डचांकडे आणि न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १६६८ साली, इंग्लंडच्या राजाने आपल्या मुंबई बेटाची, लग्नात आंदण मिळालेली ती सात बेटे, सालीना दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. ज्यांनी त्या जमिनी कधी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत, अशांच्या सह्यांनी त्या हस्तांतरित झाल्या. हे मनात आले आणि खिशातले पत्र मला उगाचच जड वाटू लागले.

किल्ल्यानंतर कोमेवाइने सुरू होते. दोन्ही काठांवर पूर्वीच्या मळ्यांच्या जागा एकीला एक लागून आहेत, आणि त्यांची नावे मोठी गमतीची. 'रुस्त एन वेर्क' म्हणजे विश्रांती आणि काम. एकाचे नाव 'नैद एन स्पैत', म्हणजे मत्सर आणि पश्चात्ताप! आपल्या संपत्तीला असे नाव ठेवणारा मालक विनोदी होता की प्रामाणिक, कोण जाणे. साखर, कॉफी, कोको यांचे हे मळे. आता बहुतेकांवर रान माजले आहे. जुन्या कॉफीच्या बागांना सावली देण्यासाठी लावलेली उंच झाडे तेवढी रानातून डोके वर काढून उभी दिसतात. तिथले लोक त्या झाडाला 'कॉफीची आई' म्हणतात. खोड व पाने निरखून पाहिली तेव्हा ओळख पटली: आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातले झाड ते. मुले गेली, आई उरली आहे.

माझे यजमान धक्क्यावर उभे होते. वय ऐंशीच्या पुढे, अंग काटक, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांना सारा गाव 'आजा' म्हणतो, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि पहिला प्रश्न विचारला, "चष्मा आणलात?" तो लावून त्यांनी नदीकडे, मग माझ्याकडे पाहिले. "तुम्ही मला वाटले तितके तरुण नाही," ते म्हणाले. अशी आमची ओळख झाली.

आमचे बोलणे मी हिंदीत आणि त्यांनी सरनामीत, असे चाले. सरनामी म्हणजे भोजपुरी, अवधी वगैरे बोली जहाजांत आणि मळ्यांत एकत्र होऊन, मध्ये डच शब्द मिसळून झालेली त्यांची भाषा. ती ते लिहितात रोमन लिपीत. पहिल्या दिवशी निम्मे कळले. तिसऱ्या दिवसापासून अडचण पडली नाही. घर लाकडी, खांबांवर उचललेले, वर पत्रे. दारापुढे उंच कळकांवर लाल झेंड्या. घरात पूजा झाली की एक नवी झेंडी उभारतात. मागे दहाएक एकर जमीन: चवळीच्या हातभर लांब शेंगांचे वेल, वांगी, कारली, केळी, आणि आपल्या अळूसारख्याच पानांची एक भाजी, जी ते चिरून कांद्याबरोबर परततात. संध्याकाळी शेजारच्या जावानीज बाईने सूप पाठविले. आजांनी तिला कारली दिली. या देवघेवीत त्यांनी वापरलेली भाषा दोघांचीही नव्हती. गुलामांच्या काळात आफ्रिकनांनी घडविलेली आणि आता साऱ्या देशाची झालेली स्रानान ती.

पहिले दोन दिवस मी केवळ शांतता अनुभवीत होतो, आणि खरे सांगावयाचे तर, तिच्यावर मनातल्या मनात लेख लिहीत होतो. सकाळी पिवळ्या छातीचा एक पक्षी तीन अक्षरी हाक मारतो. दुपारी पाटात कमळाच्या जातीची फुले मिटतात. नदी सहा तास समुद्राकडे जाते, सहा तास उलट येते. मोटारीचा आवाज नाही, भांडण नाही, कोणाला घाई नाही. मी आजांना म्हटले, "अशी शांतता आमच्याकडे आता मोल देऊनही मिळत नाही." ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "रात्री लवकर उठता येईल?"

रात्री दोनच्या सुमारास त्यांनी मला हलविले. हातात विजेरी घेऊन आम्ही पाटाच्या कडेने नदीकडे गेलो. तिथे, नदीकाठच्या बांधात, विटांचे जुने बांधकाम आणि त्यात लाकडी दार होते. मी ते पाहताच म्हणालो, "ही तर उघाडी!" आमच्या खाडीवर बांधात बसविलेल्या अशा दाराला उघाडी म्हणतात. आजांना शब्द आवडला. त्यांनी तो दोन-तीनदा म्हणून पाहिला.

या प्रदेशाचे सारे जीवित त्या दारावर आहे. जमीन भरतीच्या पाण्याहून खाली. पुढे नदी, मागे गोड्या पाण्याची दलदल. दोहींना बांधाने अडवावयाचे. पाऊस वर्षातून दोनदा, एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मोठा आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास छोटा. तो जमिनीवर पडतो तेव्हा त्याला बाहेर जाण्यास वाट ओहोटीतच मिळते. ओहोटी लागली की दार वर उचलावयाचे, भरती येण्यापूर्वी ते खाली सोडावयाचे. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. माणसाला तिच्याबरोबर सरकावे लागते. आमच्याकडील उघाडीचे दार पाण्याच्या दाबाने आपोआप उघडते व मिटते. आजांचे दार हातांनी ओढावे लागे. आम्ही दोघांनी मिळून साखळी ओढली. आधी काहीच झाले नाही. मग खालून गडगडाट झाला आणि शेतातले सगळे पाणी काळ्या दोरासारखे नदीत पडू लागले.

आम्ही बांधावर बसलो. आजांनी विजेरी मालवली. "हा काठ दिसतो ना," ते म्हणाले, "माझ्या लहानपणी रात्री इथे बसले की सात घरांचे दिवे मोजता येत. आता मोजा."

मी पाहिले. समोर एक होता. बराच वेळ शोधल्यावर लांब दुसरा दिसला.

"१९७५ साली देश स्वतंत्र झाला," ते सांगू लागले, "तेव्हा काय होईल या भीतीने लोक हॉलंडला गेले. विमानात जागा मिळेना. तिसरा हिस्सा देश गेला म्हणतात. माझा भाऊ गेला, मग मुले गेली. वाईट झाले असे मी म्हणत नाही. तिकडे ती सुखात आहेत; चष्मा पाठवितात. पण सात घरांची सात दारे होती. शेजाऱ्याचे दार सडले की त्याचे पाणी माझ्या बांधातून झिरपते. तुम्ही ज्याला शांतता म्हणता ना, ती आल्यापासून मला झोप कमी आहे."

माझ्या मनातला लेख तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद दाखविला. सुरिनामच्या दप्तरखान्यात, हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येक मजुराची नोंद आहे: जहाज, नाव, बापाचे नाव, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरची खूण. ५ जून १८७३ रोजी 'लाला रूख' हे पहिले जहाज कलकत्त्याहून इथे पोचले. त्यानंतर १९१६ पर्यंत चौतीस हजारांहून अधिक माणसे आली. पाच वर्षांचा करार. पुरुषाला दिवसाला साठ सेंट, बाईला चाळीस. भरती करणारे अरकाटी 'श्रीराम'च्या देशात नेतो असे सांगत, ही कथा तिथे घरोघरी सांगतात. सुरिनाम शब्दावर ही कोटी कोणा बिलंदराला सुचली असेल. करार संपल्यावर सुमारे एक-तृतीयांश परत गेले. उरलेल्यांना सरकारने जमिनीचे तुकडे दिले. आजांचे आजोबा त्या उरलेल्यांपैकी. कागदावर जिल्हा बस्ती लिहिला होता आणि डाव्या भुवईवर व्रण.

"हे गाव तुमच्या गावापासून किती लांब?" त्यांनी विचारले.

"दीड हजार किलोमीटर तरी असेल."

"मग तुम्ही तिथले नव्हे," ते म्हणाले, आणि त्यांची निराशा लपली नाही. जणू दोन्ही गावे एका शिवेवर असावीत अशी त्यांची इतका वेळ समजूत होती. मी विचारले, "एकदा जाऊन का येत नाही?" त्यांनी उघाडीकडे हात केला. "आणि हिला कोण उघडील?"

मी त्यांना सांगितले की हा व्यवहार बंद व्हावा म्हणून कायदेकौन्सिलात १९१२ साली ज्यांनी ठराव मांडला ते गोपाळ कृष्ण गोखले आमच्या कोकणातले. ठराव तेव्हा नापास झाला; पण १९१७ साली ही मजूर-भरती बंद झालीच. आमच्या रत्नागिरीकडचीही माणसे याच पद्धतीने मॉरिशसला गेली होती. आजांनी गोखल्यांचे नाव ऐकले नव्हते. त्यांनी विचारले, "ते शेतकरी होते का?" मी म्हटले, "नाही." "तरी त्यांना समजले?" या प्रश्नाला मी काय उत्तर देणार!

पाचव्या दिवशी मी मारिएनबर्गला गेलो. हा कोमेवाइनेवरचा सर्वांत मोठा ऊस-मळा. एका डच कंपनीने १८८२ साली इथे साखरेचा मोठा कारखाना सुरू केला. तो १९८६ मध्ये बंद पडला. आता छपराचे पत्रे उडाले आहेत, चरकाच्या दातेरी चाकांवर वेल चढले आहेत. पूर्वी तिथेच काम केलेल्या एका वृद्ध जावानीज गृहस्थाने मला हिंडविले. जावाहून १८९० पासून १९३९ पर्यंत तेहतीस हजारांच्या आसपास माणसे याच करारावर आली. हे गृहस्थ कारखान्याविषयी प्रेमाने बोलत होते. कोणते यंत्र कोठे होते, भोंगा केव्हा होई, रसाचा वास कसा येई. मग ते एका स्मारकापाशी थांबले आणि त्यांचा आवाज बदलला नाही, फक्त सावकाश झाला.

१९०२ च्या जुलैत मजुरीच्या दरावरून इथे तंटा झाला. मजूर बायकांशी व्यवस्थापकाचे वागणे हेही संतापाचे एक कारण होते. २९ जुलै रोजी चिडलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी त्या व्यवस्थापकाला, जेम्स मेव्हर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाला, ठार केले. दुसऱ्या दिवशी आरोपींना पकडण्यासाठी सैनिक आले. जमाव त्यांच्याभोवती जमला आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. सतरा जण तिथेच पडले, सात पुढे जखमांनी मेले. प्रेते एका खड्ड्यात टाकून वर चुना ओतला. तो खड्डा नेमका कोठे, हे पुढे कित्येक वर्षे कोणाला सांगता येईना. स्मारक उभारले ते २००६ साली.

आणि याच्याही आधीचे? हे बांध, हे पाट, मैलोगणती सरळ रेषेत खणलेले, गुडघाभर चिखलात उभे राहून कोणी खणले? आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी बंद झाली, तेव्हा प्रत्येक गुलामामागे तीनशे गिल्डर भरपाई मिळाली. आणि ती मिळाली मालकाला. गुलामाला मिळाली आणखी दहा वर्षांची सक्तीची मजुरी. ती १८७३ मध्ये संपली. त्याच वर्षी 'लाला रूख' आले. एक दार मिटते न मिटते तोच दुसरे उघडले, आणि पाणी शेतात ठेवण्याची ही व्यवस्था चुकली नाही. १ जुलै २०२३ रोजी डच राजाने गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, पहिल्या जहाजाच्या दीडशेव्या वर्षी, भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पारामारिबोस आल्या होत्या. आजांनी ते दोन्ही समारंभ दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यांना काय वाटले असे मी विचारले. "बरे वाटले," ते म्हणाले. "त्या रात्री ओहोटी साडेतीनला होती."

मारिएनबर्गहून परत येताना होडीत बसलो असता मला माझी आजी आठवली. ती आम्हा मुलांना अभिमानाने सांगे, "आपल्या पणजोबांनी समुद्र मागे सारून शेत केले." आम्ही त्या गोष्टीवर वाढलो. पणजोबा गावचे खोत होते. त्यांचा एक फोटो आमच्याकडे आहे: पांढरे शुभ्र धोतर, हातात काठी, पायांत वहाणा. इतकी वर्षे तो फोटो पाहून मला कधी एक साधी गोष्ट सुचली नव्हती, की त्या धोतरावर चिखलाचा एक डाग नाही. समुद्र मागे सारला तो कुळांनी. भरतीच्या दोन वेळांच्या मध्ये, पाळ्या लावून, ओल्या मातीचे पेंड हातोहात देत त्यांनी बांध घातला. दरसाल तो राखला. आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात आणून टाकला. आमच्या गावापासून जवळच चरी गाव आहे. तिथून १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला, आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षे, खोतांची शेते पेरली नाहीत. आमच्या घरी त्या संपाचा विषय निघे तो 'लोक माजले होते' अशा शब्दांत. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. मग कूळकायद्याने बरीच जमीन गेली. जे थोडे उरले त्याचेच पत्र माझ्या खिशात होते.

सुरिनामात मी परक्यांच्या अपराधांची यादी करीत फिरत होतो, आणि ते काम मला सोपे जात होते. दुसऱ्याच्या मालकाला नावे ठेवताना मन मोठे न्यायी असते. पण आमच्या खारीवर गोळीबार झाला नाही किंवा कोणी विकत आणलेला नव्हता, एवढ्याने ती गोष्ट वेगळी होते हे खरे असले, तरी आजीची कथा खरी होत नाही. बांध ज्यांनी घातला त्यांचे नाव त्या कथेत नाही. मारिएनबर्गच्या खड्ड्याची जागा विसरली गेली, आणि आमच्याकडे बांध घालणारे हात विसरले गेले. विसरण्याला चुना लागतोच असे नाही.

शेवटच्या रात्री आम्ही पुन्हा उघाडीवर गेलो. मी आजांना सारे सांगितले: बांध, खांड, तिवरे, गिऱ्हाईक, सही. ते म्हणतील, जमीन विकू नका, असे मला वाटले होते. वृद्ध शेतकऱ्याने तसे म्हणावयाचे असते. पण त्यांनी निराळेच विचारले. "जे तुमचा बांध राखीत, त्यांची मुले कोठे आहेत?"

"असतील गावातच. काही मुंबईला."

"त्यांना विचारले?"

मी गप्प राहिलो. आमच्या बारा हिस्सेदारांत कोणीही त्यांना विचारले नव्हते. विचारण्याची गरज आहे, हेच कोणाच्या ध्यानी आले नव्हते. कारण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही.

"खांड पडली तेव्हा ते आले असतील," आजा म्हणाले. "कोणीतरी मातीचे घमेले घेऊन नक्की आले असेल. एकट्याने भरत नाही ते." मग त्यांनी साखळी माझ्या हातात दिली. नदीला भरती लागत होती. पाण्यावरचा पालापाचोळा क्षणभर एका जागी थांबला आणि आमच्या दिशेने सरकू लागला. मी दार खाली सोडले. ते पूर्ण बसले नाही. आजा बांधावरून खाली उतरले, चिखलात पाय रोवून त्यांनी ते लाथेने बसविले, आणि हात पुढे केला. मी त्यांना वर ओढून घेतले. त्या वयात ते हे रोज एकटे कसे करीत असतील?

हेगला परतल्यावर त्यांच्या मुलीला मी चष्म्याची पावती म्हणून हीच हकीकत सांगितली. ती ऐकून ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "लाथेने? मला ते फोनवर सांगतात की दार आता मऊ झाले आहे."

चुलतभावाला मी त्याच रात्री उत्तर लिहिले. सही करणार नाही असे लिहिले नाही. तेवढी खात्री मला अजून नाही. जमीन खाऱ्या पाण्याखाली आहे, हिस्सेदार पांगले आहेत, आणि तिवरेही काही वाईट झाड नव्हे. किनारा धरून ठेवण्याचे काम ती बांधापेक्षा बरे करतात. मी एवढेच लिहिले, की पावसाळा संपला की मी येतो. उधाणाच्या दिवशी तू आणि मी बांधावर जाऊ. जाताना खालच्या आळीत थांबू आणि खांड पडली त्या रात्री कोण कोण आले होते ते विचारू. सही त्यानंतर.

त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. पण कोमेवाइनेच्या भरती-ओहोटीचे कोष्टक मी घरी भिंतीवर लावले आहे. रात्री जाग आली की मी त्यात वेळ पाहतो, त्यात साडेआठ तास मिळवितो, आणि आता तिकडे दार उघडले असेल की मिटले असेल, याचा हिशेब करीत पडून राहतो.